भाकरी कमी, गोळी तेवढीच

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी कशी येते हे ज्यानं पाहिलंय, त्याला ‘भाकरी कमी करा’ हे ऐकताना आतून काय होतं ते सांगावं लागणार नाही. परतीचा पाऊस पडून गेला की पेरणी, आणि त्यानंतर ना पाऊस ना पाट. जमिनीनं खोल धरून ठेवलेली ओल आणि थंडीतलं दव, एवढ्यावर पीक उभं राहतं. थंडीत हुरडा, होळीच्या आगेमागे काढणी. आमच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात फारसं कुणाला नवल वाटलं नाही. दामाजीपंत इथलेच. दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं त्यांनी भुकेल्यांसाठी उघडली आणि विठोबानं विठू महार होऊन त्या धान्याचे पैसे भरले, ही कथा इथल्या पोराला शाळेत जायच्या आधी ठाऊक असते. अशा गावात, पन्नाशी ओलांडल्यावर, मला साखरेचा आजार निघाला आणि डॉक्टर म्हणाले, “बाई, भाकरी अर्ध्यावर आणा. भात बंद.”

मी शाळेत शिकवते. दिवसभर उभं राहायचं काम, अंगानं मी पहिल्यापासून किरकोळच. त्यामुळं साखरेचा आजार हा आपला नव्हे, असं घरात सगळ्यांना वाटायचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजाचं मूळच दाखवून दिलंय. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचं उंची-वजनाचं गणित अगदी सारखं, पण याज्ञिकांच्या अंगातली चरबी दुपटीहून जास्त. दिसायला बारीक आणि आतून चरबीचे, असे आपण. आणि खाण्याचं बघावं तर २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरातल्या पाहणीत भारतीयांच्या रोजच्या उष्मांकातला सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा निघाला. माझं ताट त्याच्या पुढंच गेलं असेल. दोन भाकऱ्या, वर आमटी-भात, शाळेच्या मधल्या सुटीत पोहे नाहीतर चुरमुऱ्यांची सुशीला.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण आमच्या भागात ती ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं. ज्वारीची भाकरी गव्हाच्या चपातीपेक्षा पोटाला बरी, हे खरं. पण ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सत्तरच्या आसपास ग्रॅम कर्बोदकं असतातच, गव्हातही साधारण तेवढीच. आमच्याकडची एक नेटकी भाकरी पन्नास-साठ ग्रॅम पिठाची, म्हणजे पस्तीस ते चाळीस ग्रॅम कर्बोदकं. “भाकरीनं साखर वाढत नाही” हे वाक्य मी कितीतरी जेवणांत ऐकलं, ऐकून दुसरी भाकरी घेतलेली माणसंही पाहिली. मला स्वतःला ते कळलं ग्लुकोमीटरनं. जेवणाआधी एक टोचणी, दोन तासांनी दुसरी. एक भाकरी खाल्ली तर आकडा कुठं जातो आणि अर्धी खाल्ली तर कुठं थांबतो, हे आपल्याच बोटाच्या रक्तात दिसल्यावर वाद उरत नाही.

सासूबाई माळकरी. भाकरी अजून त्याच करतात, काठवटीत. आधणाचं पाणी पिठात घालून मळायचं, दोन्ही हातांनी थापत गोल फिरवायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात, मग जाळावर शेकायची. टम्म फुगली की वरचा पापुद्रा बोटानं अलगद सोडवून त्यावर शेंगाची चटणी आणि तेलाची धार. तो पापुद्रा लग्न होऊन आल्यापासून त्या मला काढून देत आल्या आहेत, माझ्या मुलांच्याही आधी. मी अर्धी भाकरी मागायला लागले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अगं चतकोर तरी आणखी घे की. एवढ्यानं शाळेत उभी राहशील कशी?” त्यांच्या पिढीनं १९७२ चा दुष्काळ पाहिलेला. खडी फोडायला गेलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर तिची सून हातानं भाकरी मागं सारते, तेव्हा तिच्या पोटात काय कालवतं, ते मला कळत होतं.

ताट मात्र रिकामं राहिलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते. कमी कर्बोदकांचं जेवण म्हणजे उपाशी राहणं असं वाटून पुष्कळजण आठवड्यात सोडून देतात. आमच्या स्वयंपाकघरात त्याला लागणारं सगळं आधीपासून होतं, फक्त ते भाकरीच्या कडेला बसायचं. मेथी मुगाची डाळ घालून परतलेली. भरली वांगी, कूट सढळ हातानं घातलेली. शेपू, चाकवत, अंबाडी. दोडक्याची भाजी, शिरांची चटणी. घट्ट दही, ताक. सोलापूरची उखळात कुटलेली शेंगाची चटणी तर तेल सुटलेली असते, दोन चमच्यांत पोट धरतं. अंडी मी वेगळ्या कढईत करते, ती कढई मागच्या पडवीत असते आणि सासूबाई तिकडं बघत नाहीत. अर्धी भाकरी या सगळ्याच्या मधोमध ठेवली की जेवण भाकरीचं राहत नाही, भाजीचं होतं. जीभ वळायला वेळ लागतो. वळते.

पण शरीर वळायला लागलं तेव्हा जे झालं, त्याच्यासाठीच हा लेख लिहायला बसले.

पहिल्याच आठवड्यात डोकं जड झालं. खुर्चीवरून उठलं की फळा हलल्यासारखा वाटायचा. रात्री पोटऱ्यांत गोळे. घरात एकच निदान झालं, शुगर लो झाली. सासूबाई गुळाचा खडा घेऊन उभ्या. मीटर लावला तर ११८. लो नव्हतीच. डॉक्टरांनी फोनवर समजावलं ते असं. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण पाचशे ग्रॅम साखर साठवलेली असते, आणि तिच्या दर ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरून बसलेलं असतं. कर्बोदकं कमी केली की हा साठा उतरतो आणि पाणी लघवीवाटे जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे वजन घटतं त्यातलं बरंचसं हे पाणी. शिवाय इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. चक्कर त्याची. उपाय गुळाचा नव्हता, मिठाचा होता. दोन्ही वेळा मीठ-जिऱ्याचं ताक, संध्याकाळी भाज्यांचं कढण, पाणी भरपूर. ज्यांना रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची तक्रार आहे त्यांनी हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावं. मला ते लागू पडलं, गोळे थांबले.

मग आली दुसरी थरथर. तिसऱ्या तासाला वर्गात उभी असताना हात कापायला लागले, छाती धडधडली, भूक अशी की समोरच्या मुलाच्या डब्यावर डोळा जावा. शिक्षकखोलीत येऊन बोट टोचलं, ९४. निरोगी माणसाचा आकडा! डॉक्टर म्हणाले, असंच होतं. वर्षानुवर्षं २४०-२५० वर राहिलेलं शरीर ९४ ला खड्डा समजतं आणि धोक्याची घंटा वाजवतं. घंटा खरी, धोका नाही. साखर खाऊ नका, मूठभर शेंगदाणे खा, बसा, वीस मिनिटांनी परत बघा. काही आठवडे मी पर्समध्ये भाजक्या शेंगदाण्यांची पुडी बाळगली. हळूहळू शरीराला नवी पातळी आपली वाटायला लागली आणि ती थरथर गेली. प्रत्येक थरथरीला साखर दिली असती तर पुन्हा २५० वर जाऊन बसले असते. कमी कर्बोदकांचं जेवण करून पाहिलेली किती माणसं याच टप्प्यावर “मला मानवलं नाही” म्हणून परत फिरली असतील, असा विचार मनात येतो. त्यांना मीटर लावा असं कुणीतरी सांगायला हवं होतं.

तिसरी थरथर खरी होती. ती सांगण्याआधी गोळीबद्दल बोलावं लागेल.

माझ्या गोळीत तीन औषधं एकत्र होती: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. आपल्याकडे ही तिहेरी गोळी फार चालते, पुष्कळांच्या चिठ्ठीवर ती असते आणि आपण तिला नुसतं ‘शुगरची गोळी’ म्हणतो. यातलं मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर सहसा धोक्याइतकी पाडत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, ताटात दोन भाकऱ्या असोत की अर्धी. आणि रक्तात इन्सुलिन जास्त आहे तोवर यकृत आपली साखर फारशी बाहेर सोडत नाही. एरवी माणूस उपाशी राहिला तरी यकृत साठ्यातली साखर देतं, साठा सरला तर प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून नवी तयार करतं. भाकरीशिवाय डोकं कसं चालणार या सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. शरीरात एक दामाजी बसलेला असतो, गरज पडली की कोठार उघडतो. ग्लिमेपिराइड त्याच्या कोठाराला कुलूप घालतं.

या औषधाच्या घराण्याचा जन्मच मुळी साखर पडण्यातून झाला. १९४२ साल, महायुद्धाचे दिवस. फ्रान्समध्ये मोंपेलिए इथं डॉ. मार्सेल झांबों विषमज्वराच्या, म्हणजे टायफॉइडच्या, रुग्णांवर सल्फा जातीचं एक नवं औषध वापरून पाहत होते. ज्वराचं काय व्हायचं ते झालं, पण काही रुग्णांची रक्तातली साखर एकदम कोसळली, काही दगावले. त्यांचे सहकारी ऑग्युस्त लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की हे औषध स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं. तिथून सल्फोनिलयुरिया या गटाच्या गोळ्या आल्या, ग्लिमेपिराइड त्यांतलीच नंतरची. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ त्या विषमज्वराच्या माणसांचा विचार करत राहिले. तापानं अन्न न जाणारी माणसं, आणि वर हे औषध.

माझ्या डॉक्टरांनी आहार बदलायच्या दिवशीच ग्लिमेपिराइड दोन मिलिग्रॅमवरून एकवर आणलं होतं, आणि आठवडाभर दिवसातून चार वेळा साखर बघून आकडे वहीत लिहायला सांगितलं होतं. आकडे छान येत होते. मग कार्तिकात आम्ही काही बायका पायी पंढरपूरला निघालो. मंगळवेढ्याहून पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेरचं अंतर. पहाटे अंधारात निघालो, अभंग म्हणत, उन्हाच्या आधी बरीच वाट सरली. वाटेत सारखी बघत होते, साखर उत्तम. दर्शन झालं, रात्री नणंदेच्या घरी मुक्काम. जेवण केलं, गोळी घेतली, झोपले.

रात्री कधीतरी वाईट स्वप्नानं जाग आली. वर्गात हजेरी घेतेय आणि एकाही मुलाचं नाव आठवत नाही, असं काहीतरी. पोलकं घामानं पाठीला चिकटलेलं. ओठांभोवती मुंग्या. उठून बसायचं आहे हे कळत होतं, पण कशासाठी ते कळत नव्हतं. नणंद शेजारीच होती, तिनं दिवा लावला आणि विचारलं, “वहिनी, काय होतंय?” त्यावर मी तिच्यावर खेकसले म्हणे, “मला काही झालं नाही, झोपू दे.” मी एरवी तिला अगं-तुगं सुद्धा जपून करते. तिला तेवढ्यानंच संशय आला. साखर पडली की मेंदूला पुरवठा कमी होतो आणि माणसाचा स्वभावही बदलतो. वयस्कर माणसांत तर कधीकधी घाम-थरथर काहीच न दिसता नुसती चिडचिड, बरळणं, नाहीतर गप्प होणं एवढंच दिसतं, आणि घरचे म्हणतात, म्हातारपण आहे.

तिनं मीटर काढून माझं बोट धरलं. ५८. सत्तरच्या खाली गेली की लो, चोपन्नच्या खाली गंभीर. म्हणजे मधल्या पायरीवर होते. ती धावत देवघरातून पेढे घेऊन आली. पंढरीचा प्रसाद, वहिनी घामानं निथळतेय, कुणीही तेच केलं असतं. पण पेढ्यात खवा, खव्यात स्निग्धांश, त्यानं साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. आणि माझ्या गोळीतलं व्होग्लिबोज आतड्यात साध्या साखरेचंही विघटन रोखून धरतं. ज्याच्या चिठ्ठीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्याला चहातली साखर, गूळ, पेढा यांचा वेळेवर उपयोग होईलच असं नाही. त्याला ग्लुकोजच लागतं, कारण ग्लुकोजला विघटनाची गरजच नसते. डॉक्टरांनी हे मला पहिल्या दिवशी बजावलं होतं आणि साध्या, चवीशिवायच्या ग्लुकोज पावडरचा डबा पिशवीत ठेवायला लावला होता. मी नणंदेला आधीच दाखवून ठेवला होता तो. तीन चमचे पाण्यात. तिनं पेला माझ्या ओठांना लावला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसली.

पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटं थांबायचं, परत बघायचं, सत्तरच्या वर नसेल तर परत पंधरा ग्रॅम. जगभर हाच नियम सांगतात. ती पंधरा मिनिटं फार लांब असतात. शरीर ओरडत असतं की आणखी दे, आणि माणूस डबाच्या डबा रिकामा करतो, मग पहाटे आकडा ३००. आम्ही थांबलो. ८१ आली. मग तिनं मला अर्धी भाकरी आणि दही दिलं, कारण ग्लुकोज लवकर चढतं तसं लवकर सरतं, मागून टिकणारं काहीतरी पोटात हवं. ती भाकरी मी जी खाल्ली, तिची चव अजून तोंडात आहे. सकाळपर्यंत नणंद झोपली नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. हेही तिला माहीत होतं, देव तिचं भलं करो.

दिवसा इतकं चालूनही साखर उत्तम होती, मग रात्री का पडली? स्नायू चालताना साखर ओढतात, पण त्यांचं तिथं संपत नाही. दिवसभरात रिकामा झालेला साठा भरून काढायला ते पुढं कित्येक तास रक्तातून साखर घेत राहतात. ताटात अर्धी भाकरी, स्नायू ओढताहेत, आणि रात्रीच्या गोळीनं कोठाराला कुलूप. तिन्ही गोष्टी एका रात्रीत जुळून आल्या.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “बघ, भाकरी सोडलीस म्हणून झालं.” मी त्यांच्याजवळ बसून वहीतले आकडे दाखवले. त्यांचं अर्धं बरोबर होतं. भाकरी गेली आणि गोळी राहिली, म्हणून झालं. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज दोन्ही बंद केली, नुसतं मेटफॉर्मिन ठेवलं. त्यानंतर सत्तरच्या खाली आकडा आलेला नाही आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी सात टक्क्यांच्या आत आहे. ज्यांचं इन्सुलिन चालू आहे त्यांना तर हा हिशोब याहून काटेकोर करावा लागतो. आणि लघवीवाटे साखर काढणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या असतील तर वेगळाच धोका. कर्बोदकं फार कमी केली तर आकडा जवळजवळ नेहमीसारखा दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. उलट्या, धाप, पोटदुखी झाली तर मीटर बघून निर्धास्त राहू नये, दवाखान्यात जावं.

एकादशीचंही आम्ही ठरवून टाकलंय. महिन्यातून दोन, ती मी मोडत नाही. पण साबुदाणा बंद. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, भाकरी सोडून खिचडी खाण्यात काही अर्थ नाही. दही, शेंगदाणे, काकडी, थोडं दूध. गोळी चालू होती तेव्हा उपवासाच्या दिवशी ती किती घ्यायची हे डॉक्टरांनी आधी लिहून दिलं होतं. आमच्याकडं उपवास देवाला विचारून धरतात, गोळीचं कुणी विचारत नाही. कितीतरी बायका गोळी घेऊन निर्जळी करतात. आषाढीत चंद्रभागेच्या वाळवंटात चक्कर येऊन बसलेली बाई दिसली की आता मला ऊन आणि थकवा एवढंच दिसत नाही. मी तिला विचारते, शुगरची गोळी आहे का, सकाळी काय खाल्लं.

गेली काही वर्षं महाराष्ट्रात लग्नाच्या पंगतीत बसलं तरी दीक्षित की दिवेकर, दोनदा खायचं की दर दोन तासांनी, यावर चर्चा रंगते. मला ती आवडते. लोक आपल्या ताटाकडं बघायला लागले, हे काही थोडं नाही. त्या पंगतीत शेजारच्याला मी एकच विचारते, तुमच्या गोळीचं नाव काय? बहुतेकांना रंग सांगता येतो. नाव येत नाही.

परवा शाळेतल्या शिपाईमावशी आल्या. माझं वजन, माझे आकडे बघून त्यांनीही सोमवारपासून भाकरी बंद करायचं ठरवलं होतं, पार बंद, नुसतं पालेभाजी आणि ताक. उत्साहानं सांगत होत्या. मी म्हटलं, “मावशी, गोळीचं पाकीट आहे का जवळ?” त्यांनी पदराच्या गाठीतून कापलेली पट्टी काढली. चष्मा लावून दोघींनी मिळून मागचं बारीक अक्षर वाचलं. ग्लिमेपिराइड, दोन मिलिग्रॅम, आणि त्या ती दोन वेळा घेत होत्या. सोमवार रद्द केला. उद्या शाळा सुटल्यावर त्यांना घेऊन डॉक्टरांकडं जाणार आहे, भाकरीचं त्यानंतर बघू.